वझे काकांचा बर्गनचा प्रयोग

आई फोनवर होती आणि मी ॲन आर्बरमधल्या माझ्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत उभी राहून तिची समजूत घालत होते. "तसं काही नाही गं आई, मागच्या रविवारी फोन राहिला, कारण मी..." एवढं म्हणून मी कारण शोधायला थांबले, तर वरच्या बाल्कनीतून खणखणीत कुजबुज आली, "लॅबमध्ये अडकले होते." मीही म्हणून टाकलं, "लॅबमध्ये अडकले होते." आईला पटलं. वर पाहिलं तर कठड्यावरून एक टक्कल आणि जाड भिंगांचा चष्मा खाली वाकलेला. वझे काकांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

वझे काका मूळचे मिरजेचे. दिवसा विम्याच्या कचेरीत कारकून आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर, असं त्यांनी बत्तीस वर्षं केलं. उजेडात कधी आले नाहीत. हातात वही घेऊन विंगेत उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य पुरवायचं. रिटायर होऊन लेकीकडे, म्हणजे नेहाकडे आले, तर इथे ना नाटक ना नट. मग काकांनी अख्ख्या मिशिगनला प्रॉम्प्टिंग सुरू केलं. फार्मसीतली मुलगी "हॅव अ" म्हणून जांभई द्यायला थांबली, तर काका तिला "नाइस डे" पुरवतात. डॉक्टर काकूंना विचारतात, हाउ आर यू फीलिंग, की काका मागून "फाइन" म्हणतात आणि काकू डॉक्टरांसमोरच सांगतात, "अहो, माझी भूमिका मला करू द्या." बोलता बोलता कोणी जरा थांबलं की काकांची मान पुढे येते. "हं, पुढचं वाक्य."

"प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत गेला, की प्रयोग पडला समज," असं ते मला नेहमी सांगतात. "माझा कधी पहिल्या रांगेतसुद्धा गेला नाही." हे सांगतानाचा त्यांचा आवाज पार्किंग लॉट ओलांडून पलीकडच्या बसस्टॉपपर्यंत जातो.

दुसरं वेड तालमीचं. दुकानात मिक्सर परत करायचा होता, तर आदल्या दिवशी घरात त्याची तालीम झाली. नेहा काउंटरमागे, काका गिऱ्हाईक. काकांचं म्हणणं, नेहाने दुकानदारीण फार सौम्य केली, म्हणून दुसरी तालीम. प्रत्यक्षात दुकानातल्या मुलाने एक अक्षर न विचारता मिक्सर ठेवून घेतला, तेव्हा काका हिरमुसले होऊन घरी आले. संध्याकाळी मला म्हणाले, "समोरचा नट पाठच करून आला नव्हता."

सुमतीकाकू बरोबर उलट्या. बोलणं मोजकं, आवाज शाळेतला. मिरजेत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून काकाही त्यांना 'बाई' म्हणतात. गेली काही वर्षं त्यांना काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडेचं आणि पायाखालचं गेलं. "दाराच्या फटीतून बघितल्यासारखं बघते," त्या सांगतात आणि भाजी निवडायला लागतात.

मार्चमधल्या एका रविवारी त्यांच्याकडे जेवताना मी सहज म्हणाले, की जूनमध्ये माझी कॉन्फरन्स नॉर्वेत बर्गनला आहे. काकूंनी हातातला घास ताटात ठेवला.

"बर्गन. साठ अंशांच्या किंचित वर," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं नॉर्वेचा किनारा फळ्यावर काढला मी. खडू न उचलता. आणि पाहिला एकदाही नाही. डॉक्टर म्हणतात, ही फट किती दिवस उघडी राहील, सांगता येत नाही. मीनल, मी येते तुझ्याबरोबर."

नेहा घाबरलीच. "आई, प्लीज. इट्स नॉट सेफ. तिथे सगळीकडे दगड, पायऱ्या, पाऊस. तुझा हात कोण धरणार?"

"कोणी नाही. हात धरला की माझं सगळं लक्ष त्या हातात. मग किनारा कोण बघणार? मी सुटी चालणार."

नेहाने बराच वाद घातला. शेवटी म्हणाली, "ओके. पण आधी इथे चालून दाखव. एकदा जरी पडलीस, तर तिकिटं कॅन्सल."

काकांचे डोळे चमकले. त्यांना तालीम करायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस काका कॉम्प्युटरवर बर्गनच्या रस्त्यांचे फोटो बघत होते आणि वही भरत होते. हॉटेलचं दार, दोन पायऱ्या. मग उतार. मग दगडगोट्यांचा रस्ता. मग मासळीबाजार. वहीत पायरीन् पायरी टिपली होती आणि समासात 'इथे बाई थांबतील, समुद्र बघतील' अशा सूचना होत्या. मग एका सकाळी आमच्या पार्किंग लॉटमध्ये खडूने अख्खं बर्गन अवतरलं. नेहाची गाडी म्हणजे मासळीबाजार. टपालपेट्यांची रांग म्हणजे बंदरावरची जुनी लाकडी घरं. पायऱ्या खऱ्या हव्यात म्हणून लाँड्रीरूमचा जिना वापरला जायचा.

पुढे काकू, त्यांच्यामागे तीन पावलांवर वही उघडून काका. "बाई, दोन पायऱ्या, खाली. बाई, उजवीकडे उतार. बाई, थांबा, समुद्र." एप्रिलच्या थंडीत हे रोज सकाळी तासभर चाले. जवळून सायकलने जाणाऱ्या एका विद्यार्थिनीने थांबून विचारलं, "आर यू फोक्स लॉस्ट?" काकू मान न वळवता म्हणाल्या, "नो. वी आर इन नॉर्वे."

अपार्टमेंटच्या ऑफिसने खडूने काही लिहू नये अशी नोटीस लावली. पावसाने दोनदा बर्गन धुऊन नेलं. काका पुन्हा काढत राहिले. नेहाने त्यांना वॉटरप्रूफ बूट आणले, ते ओले झाले की प्रत्येक पावलाला कर्र कर्र वाजायचे. काकू म्हणाल्या, "प्रॉम्प्टर ऐकू येवो न येवो, प्रॉम्प्टरचे बूट शेवटच्या रांगेत जातात."

एकदाच बाका प्रसंग आला. लाँड्रीच्या जिन्यावर काकूंचा पाय चुकला आणि त्या गुडघ्यावर टेकल्या. वर खिडकीत नेहा उभी. मग काका खणखणीत म्हणाले, "बाई, किल्ली सापडली का?" काकूंनी जमिनीवर हात फिरवला, "सापडली," म्हणाल्या आणि उठल्या. तिकिटं वाचली.

खरं सांगायचं तर मी तेव्हा या सगळ्याला हसत होते. काकांना नाटक हवंय आणि बिचाऱ्या काकू त्यात भरडल्या जाताहेत, असंच मला वाटायचं.

जूनमध्ये आम्ही तिघं एका शुक्रवारी बर्गनला उतरलो. सोमवारपासून माझी कॉन्फरन्स, रविवारी काका-काकू तिथूनच पुढे थोडे दिवस मिरजेला जाणार. म्हणजे हातात शनिवार, एकच दिवस. काकांनी विमानात रात्रभर वही पुटपुटत काढली होती. शनिवारी सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो, काकांनी "बाई" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. हवाच. घसा साफ बसला होता.

काकांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून लिहिलं, 'प्रयोग रद्द', आणि काकूंपुढे सरकवलं. काकूंनी वही डोळ्यांसमोर नीट धरून वाचलं.

"अहो, बत्तीस वर्षांत प्रॉम्प्टर आजारी म्हणून कधी प्रयोग रद्द झाला होता?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"मग चला."

मी म्हणाले, "काकू, मी सांगते ना पायऱ्या."

"तुझी तालीम झालेली नाही," काकू म्हणाल्या आणि रेनकोट चढवला.

बाहेर बारीक पाऊस. लाल रेनकोटातल्या काकू पुढे, मान ताठ, हात मोकळे. तीन पावलांवर काका, वही प्लास्टिकच्या पिशवीत, ओठ हलताहेत, आवाज शून्य, बूट मात्र कर्र कर्र. आणि मागे मी, जीव मुठीत धरून. दारातल्या दोन पायऱ्या काकू उतरल्या. उतार आला, त्यांनी पावलं लहान केली. गोटे आले, त्या कडेच्या सपाट दगडावर गेल्या. मासळीबाजाराच्या तंबूंपाशी बरोबर थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे नेहाची गाडी." मी इतक्या मोठ्याने हसले, की काचेच्या टाकीजवळचा मासेवालाही हसला.

मग ती लाकडी घरं. लाल, पिवळी, पांढरी, एकमेकांना खांदे लावून जराशी कललेली. काकू डोकं सावकाश फिरवत एकेक घर फटीत घेत होत्या. दोन घरांमधून आत जाणारा एक लाकडी बोळ काकांनी तालमीत पाच वेळा बसवला होता. तो दुरुस्तीसाठी जाळी लावून बंद होता.

काका जागीच खिळले. भराभरा पानं उलटायला लागले. वहीत दुसरा बोळ नव्हताच. तोवर काकू शेजारच्या बोळात शिरल्यासुद्धा, आणि काका कर्र कर्र करत त्यांच्यामागे निघाले. पुढे तीन पायऱ्या, ओल्या फळ्यांच्या, धरायला कठडा नाही. माझा हात आपोआप पुढे गेला, तर काकांनी थबकून माझं मनगट घट्ट धरलं. काकू अर्धा क्षण थांबल्या. पावलाने कड चाचपली आणि उतरल्या. एक. दोन. तीन. मग पुढे निघाल्या, जणू रोजचाच रस्ता.

दुपारी डोंगरावर जाणाऱ्या छोट्या गाडीने वर गेलो, तेव्हा पाऊस थांबून ढग फुटले होते. खाली बंदर, त्यापलीकडे बेटं आणि जमिनीत घुसलेलं पाणी. काकू कठड्याशी उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसतं बघत होत्या, तुकड्या-तुकड्याने. मग त्यांनी उजवा हात वर केला, बोटांत खडू धरावा तशी बोटं जुळवली आणि हवेत वरून खाली नॉर्वे काढायला सुरुवात केली. "इथे आत. परत बाहेर. इथे बेटं. परत आत, लांबवर." हात कुठेही थांबला नाही. शेजारचे टुरिस्ट काही न कळूनही जरा बाजूला सरकले.

हात खाली घेऊन त्या म्हणाल्या, "माझं बरोबर होतं."

मी टाळ्या वाजवल्या. ते अनोळखी टुरिस्टही वाजवायला लागले. काका मागेच उभे, तीन पावलांवर, वही छातीशी. काकू वळल्या. "अहो, विंगेतून बाहेर या आता." काका कठड्याशी आले आणि टाळ्या चालू असताना पहिल्यांदाच उजेडात उभे राहिले. मी फोटो काढून नेहाला पाठवला. तिचं उत्तर आलं, "नो फॉल?" मी लिहिलं, "नो फॉल." त्यावर तिने रडणारे सहा चेहरे पाठवले.

संध्याकाळी हॉटेलात, बाहेर अजून लख्ख ऊन असताना, काका बाथरूममध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. मी काकूंना विचारलं, "त्या बोळातल्या तीन पायऱ्या वहीत नव्हत्या. तुम्हाला कळलं कसं?"

काकूंनी बाथरूमच्या दाराकडे कान दिला आणि आवाज खाली आणला.

"बूट. पायरी आली की ते मागे थांबतात. मला पायरी लागायच्या आधी त्यांचंच पाऊल अडतं. कर्र कर्र बंद झाली की मी समजते. आवाज होता तेव्हाही मी बुटांवरच चालायचे. बोलण्याच्या भरात ते उजवं-डावं चुकतात, बूट चुकत नाहीत."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही, आणि तूही सांगू नकोस. त्यांना वाटतंय, आज मी एकटीने केलं. प्रॉम्प्टर कोणाला ऐकूच गेला नाही, म्हणून किती खूश आहेत बघ."

गुळण्या थांबल्या. गळ्यात टॉवेल घालून काका बाहेर आले. मला काहीतरी बोलायचं होतं. "काका, आज तुम्ही..." म्हणून मी सुरुवात केली आणि बुटांचं नाव ओठांवर येताच थांबले. काकांची मान पुढे आली. भुवया वर गेल्या. आवाज नव्हता, पण ओठ स्पष्ट हलले, पुढचं वाक्य?

मग काकूंनीच मागून हळूच सांगितलं, "छान केलंत."

"छान केलंत," मी म्हणाले.