मेश्राम सरांचे दोन दगड

आठवीच्या वर्गात गोंगाट वाढला की मेश्राम सर ओरडत नाहीत, छडीही शोधत नाहीत. खडू खाली ठेवतात, पँटच्या खिशातून दोन दगड काढतात आणि टेबलावर मांडतात. एकदा तपासणीला आलेले साहेब हे बघून दाराकडे सरकले होते.

दगड मारण्यासाठीच असतात, पण बियांवर. आमच्या गोंडपिपरीकडच्या जंगलात चाराची झाडं आहेत. उन्हाळ्यात फळं वेचायची, वाळवायची आणि बी फोडून आतली चारोळी काढायची, हे काम इथे घरोघर चालतं. बी टणक आणि दाणा नाजूक. जोरात मारलं तर दाण्याचा भुगा होतो, हळू मारलं तर बी ढिम्म हलत नाही. वर्गात जो बोलला त्यानं पुढे येऊन मूठभर बिया फोडायच्या, ही सरांची शिक्षा. "दाना साबूत पायजे," एवढंच ते म्हणतात.

फोडलेली चारोळी फोडणाऱ्यानंच खायची असल्यामुळे काही पोरं मुद्दाम बोलतात. हे मी सरांच्या कानावर घातलं.

"खाऊ द्या ना जी," सर म्हणाले. "तेवढा वेळ चूप तं बसतेत!"

पोरांचा स्वतःवर ताबा राहिलेला नाही, हा आमच्या स्टाफरूममधला रोजचा विषय. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, उत्तर पुरं व्हायच्या आत शेजाऱ्याच्या पाठीत बुक्की. मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे माझं मत जरा मोठ्या आवाजात असतं. सगळं खापर मी मोबाइलवर फोडलं आणि आठवीला आत्मसंयमावर व्याख्यान द्यायला उभा राहिलो. "मन आवरता आलं पाहिजे," असं म्हणून खिशात हात घातला, तर सकाळी चोरून अर्धवट पाहिलेला व्हिडिओ खिशातच सुरू झाला आणि एक बाई खणखणीत आवाजात कैरीचं लोणचं शिकवू लागली. मोहरी किती घालायची इथपर्यंत मला तो बंद करता आला नाही.

मागे बसलेल्या मेश्राम सरांनी शांतपणे दगड पुढे केले. "या सर, तुमीबी बसा."

बसलो. पहिल्या बीचा भुगा झाला. दुसरी उडून खिडकीबाहेर गेली. तिसरीला माझा अंगठा आडवा आला.

"सर, हळू मारा ना!" मयुरी आत्राम ओरडली. "कोनाचं टाळकं थोडी फोडून राह्यले!"

ही मयुरी म्हणजे वर्गातला भूकंप. तिचा हात डोक्याला न विचारताच निघतो. दिसेल ते बटण दाबणं आणि दिसेल ती वेणी ओढणं हा तिचा स्वभाव. बिया सगळ्यात जास्त तिनंच फोडल्या आहेत आणि वर्गात सगळ्यात गुटगुटीतही तीच आहे.

संयमाचा पुतळा असलेल्या मेश्राम सरांची एक गोष्ट मात्र मला खटकायची. शाळेत सगळ्यांना फोनबंदी, पण सरांचा फोन वर्गात टेबलावर, आवाज पूर्ण मोठा. एकदा टपरीवर चहा पिताना मी टोमणा मारलाच.

सरांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "प्रज्ञाचा फोन येईन म्हून ठेवतो."

प्रज्ञा त्यांची मुलगी, एकुलती एक. बापासारखं मास्तर व्हायचं सोडून ती हैदराबादला हॉटेलातला स्वयंपाक शिकायला निघाली. निघताना घरात भांडण झालं. सर म्हणाले, "चालली ना? तं मंग फोन बी नको करू मले." पोरगी बापाचं ऐकणारी. तिनं केला नाही.

"पोरायले रोज सांगतो, दम धरा म्हून," सर म्हणाले. "मले त्या दिवशी एक मिनट दम नाई धरवला, सर."

"मग आता तुम्हीच लावा की."

"रोज नंबर काढतो. बटन दाबत नाई. तिनं उचललाच नाई तं?"

मी आणखी एक चहा सांगितला.

परवा खडू मागायला आठवीत गेलो. टेबलाशी मयुरी शिक्षा भोगत होती. सर फळ्यावर त्रिकोण काढत होते. "तो फोन बाजूले सरकव बाई, टरफलाची कच उडते," ते न वळताच म्हणाले.

मयुरीनं फोन उचलला. पडद्यावर प्रज्ञाचं नाव होतं आणि नावाखाली हिरवं बटण.

"मयुरे, नको!" सर वळून ओरडले. सरांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हिरवं दिसलं तं दाबलं, सर!"

एक रिंग वाजली. दुसरी पुरी झालीच नाही. मयुरीच्या बोटाखाली स्पीकरही चालू झाला होता.

"बाबा? बाबा, काय झालं? बरे हाय ना तुमी?"

सरांचा हात फळ्यावरच राहिला. मयुरी पुढे झाली, त्यांच्या हातातला खडू तिनं काढून घेतला आणि तिथे फोन ठेवला.

"बरा हाय," सर कसेबसे म्हणाले. "तू... जेवली काय वं?"

आणि ते व्हरांड्यात गेले. आमच्या खिडक्यांना काचा नाहीत, व्हरांड्यातलं सगळं आत ऐकू येतं. डाळ किती वेळ भिजवतात, मेसवाली कशी आहे, ताप आला होता तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं. वर्ग ऐकत होता. कोणी बाक वाजवला नाही की कोणी हसलं नाही.

तेवढ्यात मधल्या सुटीची वेळ झाली. खिचडीचा वास वर्गात शिरला. शिपाई रामाभाऊ हातोडा हातात घेऊन घंटेकडे निघाले. घंटा सरांच्या डोक्यावरच टांगलेली. मयुरीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि दोन्ही हात हलवून त्यांना थांबवलं. रामाभाऊंनी सरांकडे पाहिलं, हातोडा काखेत धरला आणि पायरीवर बसून घेतलं.

बाहेर सर हसत होते, मध्येच नाक पुसत होते. आत अख्खी आठवी उपाशीपोटी हाताची घडी घालून बसली होती.