पडद्यावरचं दार

प्रयोगाला अर्धा तास असताना निर्मातीने प्रॉम्प्टरला विंगेत गाठलं. तिच्या हातात पाटीएवढा टॅब्लेट होता.

"काका, आजपासून कोणी बटणं दाबायची नाहीत. हे यंत्र नटाचं वाक्य ऐकतं आणि दिवे, आवाज, सगळं आपलं आपण करतं."

"दादा वाक्य विसरले तर?"

"रंगमंचाच्या कडेला स्क्रीन ठेवलाय. त्यावर वाचायचं." ती जरा थांबली. "आजचं नीट झालं, तर पुढच्या दौऱ्याला तुम्ही दगदग करू नका. विश्रांती घ्या."

प्रॉम्प्टरला विश्रांती नको होती. बायको गेल्यापासून त्याच्याकडे विश्रांतीच विश्रांती होती. नाटकाचे तीन तास सोडले तर दिवसभर त्याच्याशी फक्त प्रेशर कुकर बोलत असे.

नाटकातलं घरही आता लाकडाचं राहिलं नव्हतं. मागे एक कापडी पडदा, त्यावर प्रकाशाने उमटवलेली भिंत, खिडकी आणि दार. दाराच्या जागी पडद्याला फट ठेवली होती. नायकाने म्हणायचं, "आज कोणीही थाप मारली तरी हे दार उघडणार नाही." मग यंत्र थाप वाजवणार, चित्रातलं दार उघडणार आणि फटीतून नायिका आत येणार. नायक म्हणजे दादा. नायिका त्यांची खरीच बायको, म्हणून सगळ्यांची वहिनी.

अडचण एवढीच, की बावीस वर्षांत दादांनी एकही वाक्य लिहिल्याप्रमाणे म्हटलं नव्हतं.

"आज कोणी का येईना, मी जागचा हलणार नाही," दादा गरजले. टाळ्या पडल्या. यंत्र गप्प.

दादांनी स्क्रीनकडे पाहिलं. वाक्य तिथे ठळक अक्षरांत होतं, पण दादांना वाचायला चष्मा लागे आणि नायकाला चष्मा नव्हता.

"येऊ दे कोणीही. मी काही दार उघडणारा माणूस नाही."

यंत्र गप्पच.

"काका, अशीच जाऊ का आत?" पडद्यामागून वहिनी कुजबुजल्या.

"भिंतीतून आल्यासारखं दिसेल."

"मग मीच ठोठावते."

"कशावर? कापड आहे ते."

"ताई, तुम्ही बटण दाबा की," प्रॉम्प्टर निर्मातीला म्हणाला.

"बटण काढून टाकलंय," ती टॅब्लेटकडे बघत म्हणाली.

प्रेक्षक खोकू लागले. वेळ मारून न्यायला दादांनी स्वतःचं बालपण सांगितलं, मग शाळा, मग नोकरी.

"आता लग्नावर येणार," वहिनी म्हणाल्या. "आणि तिथून माझ्या माहेरावर. काका, काहीतरी करा, नाहीतर मी ही भिंत फाडून जाते."

प्रॉम्प्टर नुसता गप्प बसला असता तरी पुरे होतं. यंत्र नापास झालं असतं आणि त्याची खुर्ची राहिली असती. एक श्वासभर त्याने तसा विचार केलाही. तेवढ्यात समोर दादा म्हणाले, "माझे सासरे म्हणजे..."

प्रॉम्प्टरने विंगेच्या कडेला लावलेला यंत्राचा माइक हातात घेतला आणि वाक्य त्यात सावकाश म्हटलं. थाप वाजली, दार उघडलं, वहिनी आत गेल्या.

थाप ऐकून दादांना नेमकं वाक्य आठवलं. "तरी मी म्हणत होतो, आज कोणीही थाप मारली तरी हे दार उघडणार नाही."

पुन्हा थाप. पुन्हा दार उघडलं. दारात कोणीच नाही.

"मांजर असेल," वहिनी म्हणाल्या.

"मांजर थाप मारतं?"

"घरात शिरताना विचारतं तरी. तुमच्यासारखं चिखलाचे पाय घेऊन येत नाही."

लोक हसले ते हसतच राहिले. पुढचे दोन अंक दादांनी मनाला येईल ते म्हटलं आणि प्रॉम्प्टरने माइकमध्ये वहीतलं. टेलिफोन, वीज, संध्याकाळ, सगळं वेळेवर झालं.

पडदा पडल्यावर निर्माती खुशीत आली. "यंत्राची एकही चूक नाही. दौरा पक्का."

प्रॉम्प्टरने वही पिशवीत घातली. "बरं, निघतो."

"उद्या सातला या हं," ती म्हणाली. "यंत्राला वाक्यं कोण सांगणार?"

दादा रंग पुसता पुसता थांबले. "आणि मला कोण सांगणार?"

"तुम्हाला बावीस वर्षं सांगून बघितलं," वहिनी म्हणाल्या. "ते निदान ऐकतं."

प्रॉम्प्टरने पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"मी सहालाच येतो," तो म्हणाला.