शहाण्णवावी सही

गद्रेकाकांच्या दारात कुरिअर आलं की सही कुरिअरवाल्याला करावी लागते. दार साखळीपुरतं उघडतं, फटीतून एक जाड वही बाहेर येते आणि मागून आवाज येतो, "नाव, गाडीचा नंबर, पाकीट कोणी पाठवलं, का पाठवलं. खाली सही." तो माणूस म्हणतो, "काका, सही तुमची लागते." काका म्हणतात, "माझी मिळणार नाही. पाकीट परत न्या हवं तर, पण परत नेलं असं लिहून जा." बँकेत मात्र त्यांचा नाइलाज होतो. तिथे ते पैसे काढायच्या चिठ्ठीवर सही करतात आणि शेजारी बारीक अक्षरात लिहितात, ‘या सहीचा दुसऱ्या कशासाठीही उपयोग करू नये.’ बँकेतल्या मुली ती चिठ्ठी एकमेकींना दाखवून हसतात. काकांना ते माहीत आहे. त्यांना त्या मुलींचाही संशय आहे.

काका आमच्या वसाहतीत ‘क’ इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची सोय नाही, कारण "हे विचारायला तुम्हाला कोणी पाठवलं?" असा उलटा प्रश्न येतो. सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली. ट्रक थांबवायचा, कागद बघायचा आणि कागदावर काडीचाही विश्वास न ठेवता ताडपत्री उचलून खालचा माल बघायचा. पुढे काका निवृत्त झाले, जकातही गेली, पण ड्यूटी काही सुटली नाही. ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी महापालिकेची सूचना आली की काका पहाटे उठून नळ सोडून बघतात. एकदा खरंच पाणी आलं होतं. तेव्हापासून तर बोलायलाच नको.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, तर डब्याकडे बघून म्हणाले, "ताडपत्रीखाली काय आहे?"

"काका, लाडू आहेत."

"ते दिसतंय. काम काय आहे?"

आता खोटं कशाला बोलू, काम होतंच. सही हवी होती.

आमची वसाहत म्हणजे शनिवार पेठेच्या नदीकडच्या अंगाला चार इमारती आणि शहाण्णव बिऱ्हाडं. सगळे भाडेकरू, बहुतेक इथेच जन्मलेले. जुन्या कायद्यानं भाडं बांधलेलं. मालकाला लहर आली म्हणून ते वाढवता येत नाही आणि आम्हाला काढताही येत नाही. थोरले मालक होते तोवर ते आम्हाला शिव्या देत आणि आम्ही त्यांना, सगळं सुरळीत चाललं होतं. मग कारभार त्यांच्या पुतण्याकडे आला. हा हसतमुख, वाकून नमस्कार करणारा. तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाला, लिफ्ट देतो, रंग देतो, गच्चीची गळती काढतो, फक्त या नव्या करारावर सही करा. करार अकरा महिन्यांचा. आमच्या वकिलांनी चष्मा वर करून सांगितलं, "सही केलीत की जुन्या कायद्याचं पांघरूण गेलं. बाराव्या महिन्यात तुम्ही आणि तुमची गादी रस्त्यावर."

म्हणून भाडेकरू संघ निघाला. मी त्याची चिटणीस, कारण निवडीच्या सभेला मी हजर नव्हते. ठराव सोपा होता. नवा करार कोणी करायचा नाही आणि तसं एकत्र उत्तर शहाण्णव सह्यांनी मालकाला द्यायचं. पहिल्या सहीला मी ‘अ’ इमारतीतल्या फाटकांकडे गेले. फाटक संघाचे खजिनदार. त्यांनी सही केली आणि खाली लिहिलं, ‘इतर सर्वांच्या सह्या असतील तरच ही धरावी.’ हे वाक्य लोकांना इतकं पसंत पडलं की पुढच्या प्रत्येकानं सहीखाली तेच लिहिलं. मीसुद्धा लिहिलं, उगाच आपणच एकट्यानं का फसा! अशा पंच्याण्णव सह्या झाल्या, आणि एक झाली नाही म्हणून पंच्याण्णवच्या पंच्याण्णव कुचकामी.

ती एक गद्रेकाकांची. मी चार वेळा गेले. दर वेळी कागद फटीतून आत जाई आणि काही वेळानं तसाच बाहेर येई. "वाचलं. बरोबर आहे," काका म्हणत.

"मग करा की सही!"

"मी सही करत नाही."

"अहो, घर जाईल सगळ्यांचं! तुमचंसुद्धा!"

"तिळगूळ घ्या," असं म्हणून माझाच लाडू मला परत.

इकडे वेगळंच लफडं सुरू झालं. आम्ही गच्चीवर बोललो की दोन दिवसांत पुतण्याला सगळं कळलेलं असायचं. कोण डळमळतंय, वकिलांची पुढची चाल काय, सगळं. त्याच्या पत्रात तर फाटकांचा ‘मी मरेन पण हटणार नाही’ हा उद्गार शब्दशः आला. मग सभेत सगळ्यांचे मोबाइल एका पातेल्यात ठेवून वर झाकण घालायला सुरुवात झाली. जो तो दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. ‘ब’ इमारतीतल्यांनी ‘ड’वाल्यांकडे हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. मला तर आमच्या ह्यांचाही संशय यायला लागला, कारण एरवी सभेला न येणारा माणूस हल्ली वेळेवर येऊन बसायचा. सभेत वाटतात त्या शेवेसाठी येतात हे मागाहून कळलं.

आणि मग फाटकवहिनी धापा टाकत आल्या. गद्रेकाका दर रविवारी सकाळी काखेत फाइल मारून वाघोलीच्या बसमध्ये चढतात, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुतण्याच्या नव्या इमारती कुठे, तर वाघोलीला. त्याचं ऑफिस कुठे, तर वाघोलीला. झालं! जो माणूस कुरिअरवाल्याला सही देत नाही, तो मालकाला काय काय देत असेल! मी इतकी संतापले की चहा घेतला नाही.

सोमवारी वकिलांना कागद द्यायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी, मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून महापालिकेच्या थांब्यावर उभी राहिले. पुण्यात स्कार्फातली बाई सख्ख्या नवऱ्याला ओळखू येत नाही. काका आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. ते पुढे बसले, मी मागे. येरवडा आलं आणि काका मान न वळवता म्हणाले, "चिटणीसबाई, पुढे जागा आहे. उन्हात कशाला बसलाय?"

मी निमूट पुढे गेले. "कसं ओळखलंत?"

"चपला. चार वेळा माझ्या दाराबाहेर काढल्या होत्यात."

मग मी काही राखून ठेवलंच नाही. सगळं तोंडावर बोलले. फितुरी, पुतण्या, फाइल, वाघोली. बसमधले लोक ऐकत होते. काका शांतपणे म्हणाले, "तुमच्या संघाचा मोबाइलवरचा ग्रुप आहे ना? तो आधी कसला होता?"

"गणपतीचा. आम्ही नुसतं नाव बदललं."

"पुतण्यानं मागे वर्गणी दिली, तेव्हा तुम्हीच त्याला त्यात घेतलंत. तो अजून आहे. सभेचा वृत्तान्त तुम्ही स्वतः टाकता. छान लिहिता, असं म्हणतात."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "हे तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कोणी?"

वाघोलीला उतरल्यावर म्हणाले, "संशय आलाय तर पूर्ण बघून घ्या. अर्धवट तपासणी वाईट." आणि चालायला लागले. मी मागोमाग. पुतण्याचं ऑफिस मागे टाकून आम्ही एका साध्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडलं सबनीसबाईंनी.

सबनीसबाई! पूर्वी काकांच्या समोरच्या दारात राहायच्या. टेलिफोन ऑफिसात होत्या, त्याही एकट्या. नऊ वर्षांपूर्वी जागा सोडून भाचीजवळ राहायला गेल्या. आम्ही निरोपाला साडी दिली आणि विसरून गेलो. आता केस पांढरे झालेले, हसणं तेच. काकांनी चपला काढल्या आणि फाइल उघडली. मागच्या रविवारी नेलेले बाईंचे कागद त्यात होते, बिल, बँकेचं पत्र, विम्याची नोटीस. प्रत्येक कागद त्यांनी आठवडाभर तपासला होता आणि आता मोठ्यानं वाचून दाखवत होते, पुढून, मागून, तळाच्या बारीक अक्षरांसकट. बाई मान डोलवत ऐकत होत्या. विजेच्या बिलाकडे इतकं लक्ष देऊन बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बाई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "हे दर रविवारी?"

"नऊ वर्षं," काका म्हणाले. "त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला पट्टी. मालकाच्या माणसानं कागद आणून दिला. त्यांनी मला वाचायला दिला. पहिल्या पानावर होतं, दुरुस्तीसाठी काही दिवस जागा मोकळी करावी. मी म्हटलं, काही नाही यात, करा सही. दुसऱ्या पानावर होतं की भाडेकरूचा सगळा हक्क सोडला."

"आणि दुसरं पान?"

"उलटलं नाही."

"तुम्ही? तुम्ही उलटलं नाहीत?"

"चहा निवत होता," काका म्हणाले. मग म्हणाले, "बाई समोर बसल्या होत्या. लक्ष नव्हतं माझं." ते फाइलचे कोपरे सरळ करत होते. "आयुष्यभर लोकांच्या ताडपत्र्या उचलल्या आणि त्या दिवशी एक पान उलटलं नाही. माझ्यामुळे बाईंचं घर गेलं. तेव्हापासून मी सही करत नाही आणि कोणाला कर म्हणत नाही. आता कळलं?"

कळलं होतं. पण उद्या सोमवार होता, पर्समध्ये पंच्याण्णव सह्यांचा कागद होता, आणि आता या माणसाला सही कर म्हणायला माझी जीभ रेटेना. "एका सहीवर शहाण्णव घरं अडलीत, काका," एवढंच मी पुटपुटले.

बाई दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून त्यांनी मलाच विचारलं, "एका सहीवर शहाण्णव घरं अडलीत म्हणता?"

"हो."

बाई काकांच्या समोर बसल्या. "गद्रे, मला ठाऊक होतं दुसऱ्या पानावर काय आहे ते. भाचीनं आदल्या दिवशी दोन्ही पानं वाचून दाखवली होती. ही जागासुद्धा तिनं बघून ठेवली होती."

काकांनी फाइल खाली ठेवली. "मग मला कशाला दिलंत वाचायला?"

बाईंनी कप उगाच सरळ केले. "तुम्ही ‘जाऊ नका’ म्हणाल, असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, करा सही. मग केली."

मला उठून गॅलरीत जावंसं वाटलं. काकांनी विजेचं बिल उलटून पाहिलं आणि परत ठेवलं.

"नऊ वर्षं हे बोलला नाहीत?" शेवटी ते म्हणाले.

"बोलले असते तर रविवारी आला असतात?" बाई म्हणाल्या. "आता आला नाहीत तरी चालेल. पण त्या लोकांची घरं माझ्यापायी जायला नकोत."

काकांनी माझ्यापुढे हात केला. मी कागद दिला. त्यांनी तो पहिल्यापासून वाचला, उलटून कोरी बाजू पाहिली, उजेडात धरली आणि सही केली. खाली काहीही लिहिलं नाही. शहाण्णव सह्यांमध्ये अट नसलेली ती एकटीच आहे. चहा तिघांनी गारच प्यायला.

सोमवारी उत्तर गेलं. त्याआधी पुतण्याला ग्रुपातून काढलं. तो अजून हसून नमस्कार करतो, पण कराराचं नाव काढत नाही. लिफ्टचंही काढत नाही. आम्ही आपापल्या घरात आहोत आणि गच्ची गळते आहे.

काकांचं काय, ही मात्र मला काळजी होती. नऊ वर्षं ज्या अपराधासाठी माणूस बसचे धक्के खात होता, तो अपराधच उरला नाही. आता रविवारी ते करणार काय? पुढच्या रविवारी मुद्दाम थांब्यावर गेले. काका उभे होते. शर्टाला नेहमीपेक्षा कडक इस्त्री होती.

"काका, आज कुठे?"

"वाघोली."

"अहो पण बाईंनी सगळं सांगितलं ना? तुमची चूक नव्हती म्हणून?"

"सांगितलं. पण ते खरं होतं, की मला बरं वाटावं आणि सही व्हावी म्हणून बोलल्या, ते कळत नाही. चौकशी करायला हवी."

"आणि ही चौकशी किती दिवस चालणार?"

बस आली. काकांनी फाइल काखेत घट्ट धरली आणि पायरीवर एक पाय ठेवून मागे वळले. इतकं संकोचलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"वेळ लागेल," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी फार घाई केली."