प्रत्येकाने एक राग आणावा

"सुट्टीत वाया गेलेलं एकेक मूल म्हणजे मानवजातीचं कायमचं नुकसान आहे!" असं बालविकास केंद्राच्या संचालिकाबाईंनी जाहीर केलं, त्या क्षणी मानवजातीचे दोन प्रतिनिधी टेबलाखाली बसून त्यांच्या चपलेचा पट्टा टेबलाच्या पायाला बांधत होते. बाईंनी पुढचं वाक्य आणि पुढचं पाऊल एकदमच टाकलं. पाऊल आलं नाही. टेबल आलं.

शाळा सुटल्यावर रोज आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर बाई हे केंद्र चालवत. हॉल वसाहतीचा, मुलं वसाहतीची, डोकेदुखी तेवढी बाईंची स्वतःची. वसाहतीचे अध्यक्ष हॉलच्या वरच राहत आणि झोपमोड झाली म्हणून रोज खाली येऊन ओरडून जात. टेबल पडल्याबरोबर ते हजर झाले.

"हे केंद्र आहे की भंगाराचं दुकान? शुक्रवारी येतो. मुलं काय शिकली ते दाखवा. नाही दिसलं काही, तर सोमवारपासून हॉलला कुलूप!"

हॉल गेला म्हणजे केंद्र गेलं. बाई भयंकर भडकल्या. अर्थात अध्यक्ष जिना चढून गेल्यावर. त्याच भरात त्यांनी दिरांना फोन लावला. दीर केंद्राचे प्रसिद्धीप्रमुख होते, म्हणजे पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकत.

"भाऊजी, शुक्रवारी अध्यक्षांसमोर राग! एकेका मुलाला एकेक राग तयार करून आणायला सांगा. मास्तर येऊन बघतीलच. कळलं?"

"कळलं, वहिनी." वहिनी ज्या पट्टीत बोलत होत्या, त्या पट्टीत न कळण्याची सोय नव्हती.

मेसेज गेला : 'शुक्रवारी प्रत्येक मुलाने एक राग आणावा. राग मनापासून असावा. पालकांनी मदत करावी, पण राग मुलाचाच हवा.'

पालक कामाला लागले. एका आईने काळजीने फोन केला, "आमची अगदीच शांत आहे हो. हिला रागच येत नाही!"

"तिचा खाऊ धाकट्याला देऊन बघा," भाऊजींनी मार्गदर्शन केलं.

एका वकील वडिलांनी मुलाच्या रागाचे मुद्दे काढून दिले. त्यातले निम्मे सासऱ्यांविरुद्ध होते.

शुक्रवारी गाण्याचे मास्तर तंबोरा जुळवून बसले. पहिला मुलगा पाय आपटत पुढे आला.

"कोणता राग आणलास, बाळ?"

"आईचा."

"वा! म्हणजे घराण्यातला. कधीचा?"

"सकाळचा. 'उठतोस की नाही'पासून सुरू होतो. मग चढत जातो."

"छान. आणि उतरतो कसा?"

"उतरत नाही. बाबांनी टॉवेल मागितला की आणखी फास्ट होतो."

मागे बसलेल्या बाबांनी मान डोलावली आणि शेजारी बघून लगेच थांबवली. तेवढ्यात एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझा राग अध्यक्षकाकांवर आहे! बाल्कनीत गेलेले आमचे सगळे चेंडू त्यांनी कपाटात ठेवलेत!"

"माझा पण!"

"ए, हा राग आमच्या मुलीचा आहे. तुमच्याने ढापला!" तिच्या आईने शेजारणीला सुनावलं.

"रागावर काय नाव लिहिलंय तुमचं?"

मुलं ओरडत होती, आया भांडत होत्या, आणि मास्तर डोळे मिटून कोणता सूर लागतोय ते शोधत होते. बाईंनी दिरांचा दंड धरला.

"भाऊजी! राग म्हणजे गाण्यातला!"

"वहिनी, तुमच्या तोंडून राग ऐकल्यावर गाणं कुणाला आठवेल?"

अध्यक्ष लालबुंद होऊन उभे राहिले. "बंद! सगळं बंद! कुलूप आणा!"

"थांबा, माझा राहिला," कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. अध्यक्षांची नात होती. "मी आजोबांचा राग आणलाय."

अध्यक्ष तिला बसायची खूण करू लागले.

"आजोबांना घरी खूप राग येतो. पण आजी काढू देत नाही. 'माझ्या घरात आवाज चढवायचा नाही' म्हणते. मग आजोबा म्हणतात, जरा खाली जाऊन येतो."

कोणी हसलं नाही. हसायचं नाही असं ठरवल्यावर माणसं जशी खोकतात, तशी सगळी खोकली. बाई मात्र आता कुणाला आवरणाऱ्या नव्हत्या. "घाला कुलूप! मीच आणून देते! रोज येऊन ओरडता, आज कुलूपच घाला!"

"कुलूप राहू द्या हो," अध्यक्ष खुर्चीत बसले. "हॉल वापरा तुम्ही. चेंडू पण देतो."

मग इकडेतिकडे पाहत त्यांनी खुर्ची जरा बाईंकडे सरकवली.

"मोठ्यांची एखादी बॅच निघेल का? आठवड्यातून एकदा चालेल. घरी गाण्याचा क्लास म्हणून सांगेन."