डेलियाचा गुच्छ आणि मागे ट्रॅक्टर

सोलांज लार्तिगबाईंचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. आता ऑक्टोबर लागला, तरी आन्सेल्म द्युपुईंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चार ओळींचं. 'वरची खोली रिकामी आहे. खिडकीतून नदी दिसते. तुम्ही इथे राहायला यावं असं मला वाटतं. पुस्तकं आणा, पण सगळी नकोत. हो की नाही, एवढंच कळवा.'

'हो' लिहायला कितीसा वेळ लागतो? पण आन्सेल्म जन्मभर ग्रंथपाल. लोकांना "श्श!" करण्यात हयात गेलेली, त्या नादात स्वतःचं मनही गप्प बसायला शिकलं होतं. उत्तर त्यांनी त्याच दिवशी लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि मग विचार करत बसले. 'हो' जरा उतावीळ वाटेल का? पुढे उद्गारचिन्ह दिलंय, ते या वयाला शोभतं का? आणि खोली म्हणजे नुसती खोलीच, की...? विचार संपेनात आणि कोटाच्या खिशात पाकिटाचे कोपरे झिजत चालले.

अशात बाजारात बातमी कळली. सोलांजबाई ती खोली भाड्याने देणार! रविवारी एक निवृत्त ट्रॉम्बोनवादक ती बघायला येणार!

"ट्रॉम्बोन!" आन्सेल्म शेजारच्या नोएलला म्हणाले. त्यांचा आवाज चक्क चढला होता. "ते काही नाही. शनिवारी मी स्वतः जातो आणि तोंडाने सांगतो. सायकलवरून!"

"सँतेस्तेफपर्यंत सायकल? अहो, बस आहे की!"

"बस फार लवकर पोचवते. मला धीर गोळा करायला वेळ हवा. आणि आपला हा मेदोकचा मुलूख कसला सपाट, भाकरीसारखा! पडायचं म्हटलं तरी उतार सापडायचा नाही. बिघडण्यासारखं आहे काय त्यात?"

शनिवारी त्यांनी बागेतले सगळे डेलिया कापले, त्यांचा कोबीएवढा गुच्छ हँडलला बांधला आणि सायकल हाणली. हाणली म्हणजे काय, एक गोगलगाय बराच वेळ त्यांच्या बरोबरीने चालली होती! दोन्ही बाजूंना पिवळ्या पडलेल्या द्राक्षवेलींच्या रांगा. श्रोते म्हणून वेली उत्तम. उठून जात नाहीत. आन्सेल्म त्यांना आपलं भाषण म्हणून दाखवत होते. एका रांगेला थोडं, पुढच्या रांगेला थोडं. दुपारपर्यंत भाषण असं पाठ झालं, की आता ते तोंडातून आपोआप पडलं असतं.

पॉयाक गावाच्या पुढे रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे पाण्याने भरलेले चर. आणि नेमका तिथेच पाठीमागे भोंगा वाजला.

पों!

आन्सेल्मनी चोरून मागे पाहिलं. हा एवढा थोरला ट्रॅक्टर! त्याच्या मागे दुसरा, तिसरा. माणसं टपांवर चढून ओरडत होती.

'माझ्यामुळे खोळंबलेत बिचारे!' आन्सेल्म शरमेने लाल झाले आणि जोरात पायडल मारू लागले.

पों पों पों!

"अरे, आजोबा फॉर्मात आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं. "वाढव की रे वेग!"

वास्तविक तो द्राक्षतोडणीचा शेवटचा दिवस. शेवटची गाडी हिरव्या डहाळ्यांनी सजवायची, भोंगे वाजवत हवेलीवर न्यायची, आणि मालकिणीसाठी फुलांचा गुच्छ घेऊन एकाने सगळ्यांच्या पुढे चालायचं, अशी तिकडची रीत. आन्सेल्मना ती ठाऊक नव्हती असं नाही. तिच्यावरची दोन जाडजूड पुस्तकं त्यांनी स्वतः कपाटात लावली होती. पण पाठीशी भोंगा वाजत असताना माणसाला पुस्तकं आठवत नाहीत.

एक फाटक उघडं दिसलं. 'सुटलो! यात शिरतो, म्हणजे यांना पुढे जाता येईल.' आन्सेल्म आत वळले.

ट्रॅक्टरही आत वळले.

समोर हवेली, पायऱ्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर काठी टेकून उभ्या मळ्याच्या मालकीण, मादाम द कास्तेरा. मुकादम काझनावला वाटलं, हा सायकलवाला बाईसाहेबांनीच शहरातून बोलावला असणार. बाईसाहेबांना वाटलं, यंदा काझनावने टोळीतला सगळ्यात म्हातारा गडी निवडलेला दिसतो. विचारणं दोघांनाही प्रशस्त वाटलं नाही.

"चला आजोबा, उतरा!" काझनावने त्यांना सायकलसकट पायऱ्यांपाशी नेलं. "द्या गुच्छ!"

"अहो, पण हा..."

"लाजता काय? द्या!"

बाईसाहेबांनी हात पुढे केला. पुढे आलेला बाईमाणसाचा हात रिकामा ठेवणं आन्सेल्मच्या रक्तात नव्हतं. गुच्छ गेला!

"भाषण! भाषण!" साठ माणसं टाळ्या पिटू लागली.

आन्सेल्मच्या डोक्यात एकच भाषण होतं, आणि तोंड उघडताच तेच बाहेर पडलं.

"इतके महिने मी गप्प राहिलो, कारण मी भित्रा आहे. पण असा दिवस गेला नाही, की मला तुमच्या वरच्या खोलीची आठवण झाली नाही. मी कमी खातो. पुस्तकं निम्मी विकीन. मला येऊ द्या!"

बाईसाहेबांनी आन्सेल्मना टाचेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"वरच्या खोल्यांना इथे काय तोटा आहे?" त्या म्हणाल्या. "घोरता का?"

"थो... थोडंसं."

"माझे हे फार घोरायचे. ते गेल्यापासून झोप लागत नाही. काझनाव! पूर्वेकडची खोली झाडून घे!"

एकच जल्लोष झाला. आन्सेल्मना गालागालांवर मुके मिळाले. त्यांना बाईसाहेबांच्या उजव्या हाताला बसवलं, पुढ्यात सूप आलं. तळाशी थोडं उरल्यावर काझनावने रिवाजाप्रमाणे त्यात लाल वाइन ओतली आणि "लावा वाडगा तोंडाला, नवरदेव!" म्हणून पाठीत थाप मारली. अर्धी वाइन शर्टावर गेली.

"पडदे निळे हवेत की पिवळे?" बाईसाहेब विचारत होत्या. "आणि ती सायकल गड्याला देऊन टाका. बरं दिसत नाही."

नाही म्हणणं आन्सेल्मना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यापायी त्यांच्या घरात तीन मांजरं होती, एकही त्यांनी पाळलेलं नव्हतं. पण आता डोळ्यांपुढे नदीकाठची खिडकी आली, आणि त्या खिडकीत ट्रॉम्बोन!

ते ताडकन उठले. खुर्ची पडली.

"नाही! बाईसाहेब, माफ करा, पण नाही! फुलं तुमची नव्हती. भाषणही तुमचं नव्हतं. ते सँतेस्तेफच्या सोलांज लार्तिगचं होतं!"

बाईसाहेबांनी शांतपणे तोंड पुसलं.

"मग इथे सूप पीत काय बसलात, गाढवासारखे? तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"काझनाव! ट्रॅक्टर काढ! आणि गुच्छ घे तो. पडदे मात्र मी निळेच लावणार आहे."

अशी सोलांजबाईंच्या दारात वरात आली. सजवलेली गाडी, भोंगे, साठ तोडणीवाले, आणि वर सायकलला मिठी मारून बसलेले आन्सेल्म. सोलांजबाईंनी वरची खिडकी उघडली.

"अहो आन्सेल्म! हे काय आरंभलंय?"

"बोला आजोबा, बोला!" गर्दी ओरडली.

पण भाषण तर खर्च झालं होतं! आन्सेल्मनी कोट चाचपला. मग खिशातून ते झिजलेलं पाकीट काढलं, फाटकाशेजारच्या पिवळ्या टपालपेटीपाशी गेले आणि आत सोडून मोकळे झाले.

"अहो, मी इथे समोर उभी आहे!" सोलांजबाई म्हणाल्या. "ही पेटी सोमवारी उघडतात! आणि तो ट्रॉम्बोनवाला उद्या यायचाय!"

"अरे देवा!" म्हणत आन्सेल्मनी पेटीत हात घातला. बोटं गेली, पंजा गेला, आणि मनगट अडकलं. ओढलं तर येईना, ढकललं तर जाईना! काझनावने कमरेला धरून ओढलं, त्याला आणखी दोघांनी ओढलं. सोलांजबाई सपाता फटफटवत खाली आल्या, हातात साबणाची वडी.

"आधी सांगा," साबण मागे लपवत त्या म्हणाल्या. "हो की नाही?"

"हो!" आन्सेल्म कळवळून ओरडले. "हो, हो, हो!"

सोलांजबाई लाजून साबण चोळू लागल्या. आन्सेल्मनी घसा साफ केला आणि हळूच पुस्ती जोडली,

"लेखी उत्तर सोमवारी मिळेलच."