इंजिनावरचं लाटणं

आमच्या शेजारचा नामदेव मोटारीचं बॉनेट उघडते, चालू इंजिनावर लाटणं टेकवते अन् लाटण्याचं दुसरं टोक कानाले लावून डोळे मिटते. लकडगंजातल्या आमच्या गल्लीत नवा माणूस आला की हे पाहाले उभाच राहते. त्याले वाटते, हा मोटारीची नाडी पाहून राहिला. मले वाटते, त्याच लाटण्यानं याचं डोस्कं फोडावं. ते लाटणं माह्या बुढीचं, म्हणजे बायकोचं आहे, अन् बुढी आता नाही.

नामदेव कचेरीतून रिटायर झाला. त्यानं लग्न केलं नाही, मोटार केली. जुनी, पांढरी. गॅरेजवाल्याले तिले हात लावू देत नाही. मोबाईलवर दुरुस्ती पाहते, अंगणात सतरंजी टाकते अन् तिच्याखाली शिरते. पाय तेवढे बाहेर. पोस्टमन त्याच्या पायांशीच बोलते.

"नाम्या, काय झालं गा तिले?" मी विचारतो.

"खोलल्याशिवाय कळत नाही, भाऊ." हा मोटारीखालून जबाब.

हे त्याचं ब्रह्मवाक्य. दारावरची घंटी बंद पडली, खोलली. आता वाजते, पण थांबत नाही. ब्रेक घरीच बदलले, त्या दिवशी मोटार उसाच्या रसवाल्याच्या बाकड्यावर जाऊन थांबली. रसवाला माय-बाप काढून राहिला अन् हा उतरून म्हणते, "थांबली ना पण?"

एकदा रेडिएटर गळाले लागला. बुढीकडून वाटीभर हळद नेली अन् त्यात ओतली. म्हणे, हळदीनं भोक बुजते. बुजलं, खोटं कायले बोलू. पण मोटार तापली की गल्लीभर फोडणीचा वास. जेवून उठलेल्या माणसाले पुन्हा भूक लागे.

लाटणंही बुढीनंच देल्लं. हा आधी स्क्रू पिळायचा पेचकस कानाले लावून इंजिन ऐके. बुढी खिडकीतून ओरडली, "नामदेवभाऊ, लोखंड तापते, कान भाजन. हे सागाचं घ्या. स्वयंपाकाच्या आधी धुऊन आणजा." तो धुऊन आणे. बुढी त्याले दोन पोळ्या दे. मी म्हणो, "दत्तक घेतलं का त्याले?" ती म्हणे, "तुम्ही गप्प बसा. एकटा जीव आहे."

मग बुढी दवाखान्यात पडली. डॉक्टरनं पोट खोललं, पाह्यलं अन् शिवून टाकलं. सारं कळलं. त्या कळण्याचं काय लोणचं घालू? तेव्हापासून नामदेव ते वाक्य माह्यासमोर बोलत नाही. एकदा चुकून बोलला, तर मी त्याचाच पाना त्याले फेकून मारला. लागला नाही, याचं मले अजून वाईट वाटते.

तेरवी झाली. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या साड्या वाटून घेतल्या. साड्यांवर थांबल्या असत्या तर चाललं असतं. आठवण म्हणून एकीनं परात उचलली, एकीनं खलबत्ता, एकीनं पोळपाट. मी भिंतीले टेकून बसलो होतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात पाहतो तर नुसते खिळे.

मेसचा डबा लावला. दार लावून बसो. अन् एक दिवस गॅलरीतून खाली पाहतो, तर याच्या कानाले लाटणं. अंगाची आग झाली. साऱ्या घरात तिची एक वस्तू नाही, अन् हा तिच्या लाटण्याले इंजिनचं तेल पाजून राहिला.

खाली उतरलो. "दे ते."

"उद्या देतो, भाऊ. एक आवाज येऊन राहिला."

दुसऱ्या दिवशीही आवाज. तिसऱ्याही. मी रोज उतरो, रोज भांडो. चोर म्हटलं, नीच म्हटलं. हा म्हणे, "आधी चहा घ्या, मग शिव्या द्या." चहानं शिव्यांले जोर येते म्हणून मी घेत गेलो. महिने गेले, लाटणं काही हाती आलं नाही.

परवा माही बहीण भंडाऱ्याहून आली. अंगणातच थबकली. "काहो नामदेवभाऊ, हे तर नालीत पडलं म्हणत होते तुम्ही?" मग मले म्हणाली, "दादा, तेरवीले मी पोळपाट घेतला, तर लाटणं यायच्याकडं राह्यलं म्हणून मागाले गेली होती." ती तणतणत वर गेली. मी नामदेवची कॉलर धरली.

"खोटं काहून बोलला बे?"

तो फडक्याले हात पुसत राहिला. "वरून पिशव्या भरभरून उतरून राहिल्या होत्या, भाऊ. म्हटलं, तुमच्यासाठी एवढं तरी राहू द्यावं."

"मग मले काहून नाही देल्लं? इतके दिवस बोंबलून राहिलो मी."

"देल्लं असतं तर तुम्ही वर जाऊन दार लावलं असतं." फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "मंग खाली कायले आले असते?"

"अन् तो आवाज?"

"आवाज नाही, भाऊ. मोटार चांगली आहे. केव्हाचीच."

मी लाटणं हिसकलं. काळं पडलेलं, बुळबुळीत. कणकेचा वास पाह्यला, नव्हता. असा राग आला की रडू यावं. जिन्यापर्यंत गेलो अन् मागं वळलो. तो बॉनेट लावून राहिला होता.

"लावू नको. चालू कर."

"काय?"

"मोटार, गाढवा."

त्यानं चालू केली. मी लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं. दोन्ही हातांनी धरलं, त्याच्या हाती देल्लं नाही. तो वाकला अन् दुसऱ्या टोकाले कान लावला.

"काही ऐकू येते?"

"काहीच नाही, भाऊ."

"नीट ऐक," मी म्हटलं.