आक्षेपार्ह गाणे चालीसह कळवावे

आणीबाणी लागू झाली त्या वर्षी औरंगाबादेत, पैठण गेटामागच्या एका गल्लीत, बद्रीनाथ गुरुजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून डफाच्या साथीने एक गाणे म्हणत असत. या गाण्यामुळे राज्याच्या सुरक्षेला धोका निर्माण झाला होता. धोका दिवेलागणीला सुरू होऊन जेवणाच्या वेळेपर्यंत चाले.

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी मुलांना पाढे, नद्यांची नावे आणि महिन्यांचे दिवस चालीवर शिकवले. डोक्यात गेलेले माणूस विसरतो, गळ्यात गेलेले विसरत नाही, असे त्यांचे म्हणणे. निजामाच्या राजवटीत अशाच एका गाण्यापायी ते तुरुंगात जाऊन आले होते. पोलीस ॲक्शननंतर त्याच गाण्याबद्दल त्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यामुळे सरकार गाण्याला कधी शाल घालते आणि कधी बेड्या, याविषयी त्यांच्या मनात थोडा गोंधळ होता.

नव्या गाण्याचे धृपद असे होते:

चाकर मालक झाला रं गड्या, चाकर मालक झाला,
घरच्या धन्याला इचारतो, तू रं कोण आला?

पुढे चार कडवी होती. ती याहून वाईट होती.

ठाण्याने पाळतीसाठी सांडू नावाचा शिपाई नेमला. सांडू गंगापूरकडचा, अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. हुकमाप्रमाणे तो साध्या वेशात आला आणि विजेच्या खांबाआड उभा राहिला. खांब बारीक होता. गुरुजींच्या पत्नी वच्छलाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाळतीवर आलात ना? मग तिकडं कशाला उभं राहता? तिथून शब्द नीट ऐकू येत नाहीत. ओट्यावर बसा. चहा टाकलाय."

सांडूने नियमात बसते का याचा विचार केला आणि तो ओट्यावर बसला.

त्याने पहिला अहवाल मन लावून लिहिला. धृपद, चारही कडवी, सगळे उतरवून काढले. फौजदार निजामुद्दीन यांनी तो वाचला आणि दरवाजा लावून घेतला.

"क्या बे सांडू, ये क्या लिखके लाया?"

"गाणं हाय साहेब. पूर्ण हाय."

"अरे, आक्षेपार्ह मजकूर लिहिणं गुन्हा. बाळगणं गुन्हा. लिहिला तू, बाळगला मी. आता मी तुला पकडू, का तू मला पकडतोस?"

दोघांनी बराच विचार केला आणि तो कागद चहाच्या स्टोव्हवर जाळला. मग फौजदारांनी वरून मार्गदर्शन मागवले. मार्गदर्शन आले: आक्षेपार्ह मजकूर कोणत्याही परिस्थितीत कागदावर आणू नये. तोंडी कळवावा.

सांडू तोंडी कळवू लागला. "साहेब, कुणी एक चाकर हाय. त्यो मालक होतो."

"म्हणजे बढती झाली."

"तसंच म्हणा."

"मग यात आक्षेपार्ह काय?"

"म्हणताना लई आक्षेपार्ह वाटतंय, साहेब. सांगताना तेवढं वाटत नाही."

फौजदारांनी ते त्यांच्या साहेबांना सांगितले, साहेबांनी त्यांच्या साहेबांना. मुंबईला पोचेपर्यंत चाकर गळाला, धनी गळाला, आणि औरंगाबादेत एका इसमास घरगड्याची नोकरी लागली एवढेच उरले. मुंबईने रोजगारवाढीबद्दल जिल्ह्याचे अभिनंदन केले. चूक उघडकीस आल्यावर दुसरे परिपत्रक निघाले: तोंडी कळवताना शब्द गळतात असे शासनाच्या निदर्शनास आले आहे. यापुढे आक्षेपार्ह गाणे चालीसह कळवावे. चुकीचे कळवणाऱ्यास निलंबित करण्यात येईल.

त्या संध्याकाळी सांडू ओट्यावर आला तो पाय ओढतच. चहालाही हात लावेना.

"काय झालं रे?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, गाणं म्हणून दाखवायचंय साहेबापुढं. मला आरतीबी येत नाय नीट. चुकलं तर मी घरी बसतो. बरोबर झालं तर तुम्ही आत बसता."

"म्हण बघू."

सांडूने डोळे मिटले आणि सुरुवात केली. "मालक चाकर झाला रं गड्या..."

"थांब. उलटं झालं. चाकर मालक झाला. आणि 'झाला' ओढायचं नाही, आपटायचं. दार आपटल्यासारखं. म्हण."

वच्छलाबाई आतून आल्या. "अहो, चुकतोय तर चुकू द्या की! चुकीचं पोचलं तर सुटाल तुम्ही."

"आणि हे असलं बेसूर गाणं माझ्या नावावर मुंबईला जाऊ देऊ?" गुरुजी म्हणाले. "चाळीस वर्षं पोरं शिकवली मी. जेल चालंल मला. हे नाही चालणार. सांडू, पुन्हा. घाई नाही आपल्याला."

"गुरुजी, तुम्हाला बेडी पडंल हो."

"ते पुढचं पुढं. आधी सूर धर."

सांडूने सूर धरायला पंधरवडा घेतला. गुरुजी एकदाही रागावले नाहीत. ज्याला तेराचा पाढा येत नाही त्याला बाराचा पुन्हा म्हणायला लावावा, हा त्यांचा जुना उपाय. दुसरे कडवे अडले की ते सांडूला पहिले म्हणायला लावत. शेवटी एका संध्याकाळी सांडूने धृपद अशा ठसक्यात म्हटले की गुरुजींचा हात आपोआप डफावर पडला. "शाबास," ते म्हणाले. "आता जा. कळव."

सांडूने ठाण्यात उभे राहून, सलाम ठोकून, गाणे कळवले. फौजदार निजामुद्दीन यांच्या घरात तीन पिढ्या कव्वालीचे वेड. त्यांनी टेबलावर ठेका धरला आणि मध्येच "वाह!" म्हणाले. मग भानावर येऊन त्यांनी 'वाह' अहवालातून वगळण्याची सूचना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आपल्या साहेबांना गाणे कळवले. एक हरकतही घेतली, ती मूळ गाण्यात नव्हती. साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. पहिल्या कडव्यानंतर टेलिफोन ऑफिसातल्या अजराबेगम मध्ये बोलल्या, "साब, टाइम हो गया. बढाऊं क्या?" साहेब म्हणाले, "बढाव, आणखी तीन कडवी आहेत." अजराबेगमनी वेळ वाढवली आणि लाइन मात्र सोडली नाही. संध्याकाळपर्यंत टेलिफोन ऑफिसात त्या गाण्यावर पाय हलत होते.

मुंबईने गाणे ऐकून गंभीर दखल घेतली. हे गाणे इतर जिल्ह्यांत कोणी म्हटले, तर तिथल्या पोलिसांना ते ओळखू कसे येणार? गाणे ओळखायचे तर आधी यायला हवे. लिहून पाठवता येत नाही. सबब, प्रत्येक जिल्ह्यातून निवडक शिपाई औरंगाबादेस पाठवून त्यांना गाणे शिकवावे असे ठरले. जनतेच्या कानावर पडू नये म्हणून शिबिर गावाबाहेर, चिकलठाण्याच्या माळावर तंबू ठोकून घेण्यात आले. शिक्षक म्हणून सांडूची नेमणूक झाली, पण इतके शिपाई पाहून त्याचा आवाज बसला. मूळ आरोपीलाच बोलावण्याखेरीज इलाज उरला नाही. सरकारी जीप गुरुजींना न्यायला आली.

गुरुजी डफ घेऊन उभे राहिले. समोर खाकीचा मोठा वर्ग होता. शाळा सुटल्यापासून त्यांना एवढा मोठा वर्ग मिळाला नव्हता.

"बीड, तोंड उघडा. ओठांत म्हणू नका. परभणी, घाई नको. उस्मानाबाद, शेजाऱ्याच्या तोंडाकडं काय बघता? तुम्हाला स्वतःला येतंय ते. नांदेड, छान. पुन्हा सगळ्यांनी, चाकर मालक..."

"झाला!" माळ दणाणला. ताल चुकू नये म्हणून पोलिसांचा बँडही मागवला होता. समारोपाला मुंबईहून मोठे साहेब आले. त्यांनी पूर्ण गाणे उभ्याने ऐकले. चौथ्या कडव्याला त्यांची छडी बुटावर पडू लागली होती.

"गुरुजी, उत्तम तयारी करून घेतलीत," ते म्हणाले. "आता तुम्हाला अटक करावी लागेल."

"करा की. पण परभणी अजून कच्चं आहे. एक उजळणी झाली असती तर..."

"उजळणी आम्ही करून घेऊ."

त्या काळी माणसाला आत घालायला कारण लागत नसे. परंतु मोठे साहेब जुन्या वळणाचे होते. त्यांना कारण लागे. गाण्यामुळे जनतेत असंतोष पसरला असे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी गाणे ऐकलेली जनता हवी. गाणे ऐकलेले पोलीस अडीचशे होते, पण पोलीस म्हणजे जनता नव्हे, असा स्पष्ट नियम होता. तेव्हा साहेब गुरुजींना जीपमध्ये बसवून त्यांच्या गल्लीत आले. एक साक्षीदार मिळाला की काम संपणार होते.

समोरच्या माडीवर तात्यासाहेब राहत. त्यांची खिडकी बरोबर गुरुजींच्या ओट्यावर उघडे.

"गाणं?" तात्यासाहेब म्हणाले. "कोणतं गाणं? आमच्याकडं काही ऐकू येत नाही."

"तुमची खिडकी तर समोरच आहे."

"डास लई हो. दिवेलागणीला लावून घेतो."

"आणि डास नसतात तेव्हा?"

"तेव्हाही लावतो. सवय मोडू नये."

शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, "त्या वक्ताला मी मिरच्या कांडते. काय ऐकू येणार?"

"रोज मिरच्या कांडता?"

"तिखट लई लागतं आमच्या घरात."

"बद्रीनाथ गुरुजींना ओळखता ना?"

"लई भला माणूस!" द्वारकाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर जीपवर गेली. "पण आम्ही नाय वळखत."

त्यापुढच्या घरात सगळ्यांनाच संध्याकाळी कमी ऐकू येत होते. कोपऱ्यावरच्या घरातले लोक आठवडाभर गावाला गेल्याचे त्यांनी स्वतः दारात उभे राहून सांगितले. एका घरातून तर साहेबांनी न विचारताच सांगण्यात आले की आम्ही समाधानी आहोत, आणि पाहिजे तर आणखी समाधानी होऊ.

गुरुजी जीपमधून उतरून तात्यासाहेबांच्या खिडकीखाली आले. "तात्यासाहेब, ऐकलं म्हणा हो. तुम्हाला काही होत नाही. आत मी जाणार. एवढं एकदा म्हणा, की ऐकलं."

"साहेब," तात्यासाहेब वरून म्हणाले, "हे गृहस्थ आम्हाला उगाच गोवतायत. लिहून घ्या."

"लिहून घेता येत नाही," साहेब म्हणाले. "मजकूर आक्षेपार्ह होईल."

गल्ली संपली. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला.

"गुरुजी, तुम्ही सुटलात."

"म्हणजे?"

"गल्लीभर विचारलं. तुमचं गाणं ऐकणारा एकही माणूस नाही. जनतेवर त्याचा काही परिणाम होत नाही. तुमच्यापासून सरकारला धोका नाही. म्हणा खुशाल."

"निजामानंसुद्धा माझा एवढा अपमान केला नव्हता, साहेब."

"सांडूचीही बदली केली आहे. तो उद्यापासून येणार नाही."

आता मात्र गुरुजींनी हात जोडले. अटकेच्या वेळी त्यांनी ते जोडले नव्हते. "त्याला तेवढं राहू द्या. चौथ्या कडव्यात त्याचा श्वास तुटतो अजून. महिनाभर द्या. हवं तर पाळत कडक करा."

"कशाला?" साहेब जीपमध्ये बसत म्हणाले. "एका गाण्यामागं एक शिपाई ठेवायचा म्हणजे त्याचा पगार, भत्ता, बूट. आणि शेवटी त्यालाही गाणं येतं. इथं गल्लीभर माणसं तेच काम फुकट करतायत, आणि एकालाही गाणं येत नाही."

जीपबरोबर आलेला सांडू पुढे झाला. जाताना तो गुरुजींच्या पाया पडला. "गुरुजी, तिकडं म्हणलं तर चालंल का?"

"हळू म्हणू नकोस," गुरुजी म्हणाले. "बाकी चालंल."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गुरुजी ओट्यावर बसले. त्यांनी डफ तापवला आणि धृपद म्हटले. झील धरायला कोणी नव्हते, म्हणून झीलही त्यांनीच धरली. गल्लीत एकेक खिडकी लागत गेली, अगदी हलक्या हाताने, कोणाला वाईट वाटू नये अशी. तेवढ्यात वरच्या अंगाने कर्णा लावलेली सरकारी जीप आली. तेव्हा सगळ्या खिडक्या उघडल्या. सरकारचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकण्याची पद्धत होती. कर्ण्यातून घोषणा झाली की, आक्षेपार्ह गाण्याचा बंदोबस्त करण्याच्या कामी शासनाला दिलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल शासन समस्त सुज्ञ नागरिकांचे आभारी आहे.

जीप पुढच्या गल्लीत गेली, मग त्यापुढच्या. घोषणेत कोणाचे नाव नव्हते, मुदतही घातलेली नव्हती, आणि ते आभार अद्याप कोणी परत घेतलेले नाहीत. आपल्या वाट्याचे आपल्याला पोचले असतीलच. आपलीही खिडकी लागलेली दिसते.